आधी डोकं झटकणं थांबवा
(राखणीच्या आणि शिकारी जातीच्या कुत्र्यांच्या कानांविषयी वाचकांचे प्रश्न)

सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली, की आपल्याकडे रात्रीची जागल सुरू होते. डुकरं आणि रोही (नीलगायी) वावरात उतरतात आणि त्यांच्यामागे आपली कुत्री धावतात. दिवाळीच्या सुमारास या सदराकडे कुत्र्यांच्या जखमांची जी पत्रं येतात, त्यांत कानाची पत्रं सगळ्यात जास्त असतात. पशुधन विकास अधिकारी म्हणून यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत नोकरी केली तेव्हाही दवाखान्याच्या पायरीवर हेच चित्र असायचं. म्हणून या वेळचं सगळं सदर कानांनाच दिलं आहे.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्याकडे करवानी जातीचा कुत्रा आहे, वय तीन वर्षं. रात्री तुरीत डुक्कर शिरलं, त्याच्या मागं हा गेला. सुळा लागून उजवा कान टोकापासून अर्ध्यापर्यंत फाटला. आम्ही हळद दाबली, रक्त थांबलं. सकाळी त्यानं डोकं झटकलं की परत सुरू. भिंतीवर, खाटेवर, सगळीकडे रक्त. पट्टी बांधली की घंटाभरात पंजानं काढून फेकतो. टाके माराच लागतात काय, की आपोआप भरून येते? तालुक्याचा दवाखाना दूर आहे.
— एक कास्तकार, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, भिंतीवरचं रक्त पाहून आधी घाबरू नका. 20 किलोच्या कुत्र्याच्या अंगात साधारण दीड-पावणेदोन लिटर रक्त असतं. झटक्यानं उडालेलं थोडंसं रक्तही चुन्याच्या भिंतीवर फार दिसतं. पाहायचं ते हिरडीवर. ओठ वर करा, हिरडी बोटानं दाबा आणि सोडा. ती गुलाबी असेल आणि दोन सेकंदांत रंग परत आला, तर कानाकडे निवांत बघायला वेळ आहे. हिरडी पांढरी पडली असेल, कुत्रं गार लागत असेल, उभं राहायला तयार नसेल, तर कान सोडा आणि मान, छाती, पोट हातानं चाचपून बघा. सुळ्याची जखम वरून बोटाएवढी दिसते आणि आत खोल गेलेली असते. अशा वेळी घरी काहीही करत बसू नका, सरळ गाडी काढा.

आता तुमच्या कानाचं. कानाच्या पाळीत दोन्हीकडून पातळ कातडी असते, मधे कूर्चा (मऊ, लवचीक हाड) असते आणि शिरा कातडीला लागूनच धावतात. जखमेवर रक्त गोठतं, खपली धरते. मग तिथे हुळहुळतं, कुत्रं डोकं झटकतं, पाळीचं टोक कवटीवर नाहीतर दाराच्या चौकटीवर आपटतं आणि खपली उडून जाते. तुम्ही हळद लावा, काथ लावा, दवाखान्यातली भुकटी लावा, जोवर डोकं झटकणं चालू आहे तोवर काहीच टिकणार नाही. म्हणून औषधाचा विचार मागाहून करा. कान डोक्याला घट्ट चिकटून राहील आणि हलणार नाही, एवढं आधी साधा.

हे एकट्या माणसाचं काम नाही. कुत्रं ज्याचं ऐकतं त्यानं त्याला दोन पायांमधे बसवायचं आणि मान धरायची. दुसऱ्यानं पट्टी बांधायची. कुत्रं कितीही माणसाळलेलं असलं तरी दुखऱ्या कानाला हात लागला की चावतं, म्हणून सुती नाडीचा एक फेरा नाकाडावर घ्या, टोकं हनुवटीखाली एकमेकांवरून न्या आणि मानेमागे, कानाच्या बरंच खाली, सुटी गाठ मारा. कुत्रं जोरजोरानं धापा टाकत असेल किंवा उलटी करत असेल, तर तोंड बांधायचं नाही.

मग उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट लहान चमचाभर मीठ विरघळवा आणि त्या पाण्यानं जखमेवरची माती, केस, हळद धुऊन काढा. पाणी पाळीवर सोडायचं, कानाच्या भोकात जाऊ द्यायचं नाही. कानाचं टोक खाली आणि बाहेरच्या बाजूला धरलं की पाणी बाहेर वाहतं. जखमेच्या दोन्ही अंगांनी गॉझ ठेवा. नसलं तर धुतलेल्या सुती धोतराच्या घड्या चालतात. तळहातांमधे पाळी धरून पाच ते दहा मिनिटं दाबा. मधे-मधे उचलून बघू नका, दर वेळी उचलताना गोठलेलं रक्त निघून येतं. कापूस जखमेवर थेट ठेवू नका. कापसाच्या मुलखातले आपण लोक सगळ्यात आधी कापूसच शोधतो, पण त्याचे तंतू जखमेत अडकून राहतात.

रक्त थांबलं की कान डोक्यावर पलटवा, म्हणजे टोक टाळूकडे येईल. खाली एक घडी, वर एक घडी, आणि मग रुंद पट्टीचे फेरे डोक्यावरून आणि गळ्याखालून घ्या. एक फेरा चांगल्या कानाच्या पुढून, पुढचा त्याच्या मागून. चांगला कान बाहेर राहिला की पट्टी त्याला अडते आणि मागेपुढे सरकत नाही. तुमची पट्टी घंटाभरात निघते ती याच कारणानं; दोन्ही कान आत घेतलेली पट्टी तो सहज उतरवतो. गळ्याखाली दोन बोटं आरामात जायला हवीत. तासाभरानं परत बोटं घालून बघा, कारण गळा सुजला तर तीच पट्टी फास होते. वरून लेगिंगचा कापलेला पाय किंवा जुन्या बनियानची बाही चढवा, तोंड आणि चांगला कान बाहेर काढा. पंजा मारत असेल तर प्लास्टिकच्या लहान बादलीचं बूड कापून ती गळ्यात अडकवा. दिसायला विचित्र वाटेल, पण कुत्री दिवसाभरात तिला सरावतात.

आणि एक गोष्ट करायचीच: पट्टी बांधून झाली की आत कान कुठे आहे ते वरून पेनानं काढून ठेवा. पट्टी सोडताना घाईत कात्री मारून कानाचं टोक कापलेली कुत्री मी दवाखान्यात पाहिली आहेत. डुकरानं केलं नाही तेवढं नुकसान त्या कात्रीनं झालं होतं.

टाक्यांचं सांगतो. कडेला छोटा खाचा पडला असेल तर टाका लागत नाही. तो भरतो, खाच तेवढी राहते आणि कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही. तुमच्याकडे फाटा पाळीच्या अर्ध्यापर्यंत गेला आहे, म्हणजे दोन्हीकडची कातडी आणि मधली कूर्चा उघडी पडली आहे. हे टाक्याशिवाय नीट जुळत नाही. दोन्ही लोंबती टोकं वेगवेगळी बरी होतात आणि पुढच्या वेळी तीच झुडपात अडकून फाटतात. सहा-आठ तासांच्या आत आणलं तर जखम स्वच्छ करून लगेच शिवता येते. उशीर झाला तरी आणाच. जखम घाण असेल तर डॉक्टर काही दिवस तिला साफ करून मग शिवतील. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. गाडीची सोय नसेल तर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा.

दवाखान्यात दोन गोष्टी आवर्जून सांगा. पहिली, कुत्रं करवानी आहे. करवानी, पश्मी, मुधोळ ही कुत्री अंगानं सडसडीत, चरबी जवळजवळ नाही. बेशुद्धीच्या काही औषधांतून, विशेषतः थायोपेंटोनमधून, ती फार सावकाश बाहेर येतात. डॉक्टरांना जात आधी कळली तर ते औषध बदलतात. दुसरी, जखम कशानं झाली ते खरं सांगा. वनखात्याच्या भीतीनं लोक ‘काटेरी तार लागली’ म्हणतात. तारेची जखम वरवर असते, तिच्यासाठी डॉक्टर मान उघडून बघणार नाहीत. डुकराचा सुळा म्हटलं की ते मानेवरचे केस कापून प्रत्येक भोक शोधतील. कोल्ह्यानं चावलं असेल तर रेबीजचा विचार करावा लागतो. तुमच्या वावरात शिरलेल्या डुकरामागे तुमचं राखणीचं कुत्रं धावलं, हे सांगायला तुम्ही का घाबरता? तुमच्या एका खोट्या वाक्यानं कुत्रं जाऊ शकतं.

घरात असलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजानं द्यायची गोष्ट नाही. (डायक्लोफेनॅक जनावरांसाठी वापरायला 2006 पासून बंदी आली ती गिधाडांमुळे. औषध टोचलेलं मेलेलं ढोर खाऊन गिधाडं संपली. पण कुत्र्यांनाही ते सोसत नाही, हे लोकांना ठाऊक नसतं.) धनुर्वाताच्या इंजेक्शनचाही हट्ट धरू नका. घोड्याच्या आणि माणसाच्या तुलनेत कुत्र्याला धनुर्वात क्वचित होतो.

प्रश्न : आमच्या कुत्रीला पावसाळ्यात शेजारच्या कुत्र्यानं कानाच्या मुळाशी चावलं. जखम लहान होती म्हणून लक्ष दिलं नाही. आता घाण वास येतो, ती कान जमिनीला घासते, रात्रभर विव्हळते. आज पाहिलं तर आत किडे वळवळताना दिसले. घरचे म्हणतात फोरेटची भुकटी टाक, सासरे म्हणतात फिनाईल ओत. मला भीती वाटते. तिला चार पिल्लंही आहेत.
— एक वाचक ताई, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, तुम्हाला भीती वाटली ते फार बरं झालं. फोरेट, मोनोक्रोटोफॉस ही वावरातली विषं आहेत. जखमेतून ती थेट रक्तात जातात. कुत्रीच्या तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, श्वास अडकतो, आणि गावात कुणी पोचेपर्यंत ती संपते. भुकटी अंगावर असताना पिल्लं दूध प्यायली तर पिल्लंही जातील. फिनाईल आणि रॉकेल यांनी जिवंत मांस भाजतं. किडे मरतात थोडे, बाकीचे भाजलेल्या मांसाखाली आणखी आत घुसतात. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल हे आणखी एक लाडकं औषध, तेही नको.

हे किडे कुठून आले ते समजलं की पुढचं सोपं जातं. निळसर-हिरवी माशी ताज्या जखमेच्या काठावर अंडी घालते, एकेका वेळी दीडशे-दोनशे. बारा ते चोवीस तासांत त्यांतून अळ्या निघतात आणि डोकं आत खुपसून जिवंत मांस खायला लागतात. साधारण आठवडाभर खातात आणि मग मातीत पडून कोष करतात. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला ‘जखम लहान आहे’ असं वाटलं, त्याच दिवशी माशी बसून गेली होती. आश्विनापर्यंतच्या दमट हवेत कानावरची जखम एक रात्रसुद्धा उघडी ठेवू नये, ती यासाठी.

अळीचा श्वास तिच्या मागच्या टोकाकडून चालतो. ती डोकं आत आणि शेपूट बाहेर ठेवून बसते. जखम पाण्यानं भरली की तिला श्वास मिळत नाही आणि ती मागे सरकते. म्हणून घरी करायचं ते एवढंच: जखमेभोवतीचे केस कापा, वर सांगितलेलं मिठाचं कोमट पाणी जखमेत सावकाश सोडत राहा, आणि जी शेपटं वर येतील ती बोथट चिमट्यानं धरून न तोडता ओढा. तुकडा आत राहिला तर तिथे पू होतो. काढलेल्या अळ्या मातीत टाकू नका, उकळत्या पाण्यात टाका. मातीत टाकल्या तर त्यांच्याच माश्या होतील. हातात प्लास्टिकच्या पिशव्या तरी घाला. चार-पाच दिसल्या म्हणजे आत पन्नास आहेत असं समजा आणि जखमेवर स्वच्छ कापड झाकून तिला दवाखान्यात न्या.

जखम कानाच्या मुळाशी आहे म्हणून मी घाई करायला सांगतोय. तिथून अळ्या कानाच्या नळीत उतरतात. कुत्र्याची कर्णनळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, वळणापलीकडे पडदा असतो. तुम्हाला वरून दिसतो तो फक्त पहिला टप्पा. दवाखान्यात टर्पेंटाइनचा बोळा वापरून अळ्या बाहेर काढतात, पण तो बाहेरच्या जखमेसाठी. नळीत टर्पेंटाइन गेलं तर पडद्याची वाट लागते. कुत्रीची मान एका बाजूला कलली असेल, चालताना ती झुकत असेल किंवा डोळे सारखे आडवे हलत असतील, तर आतला कान धरला गेला आहे, आणि ते डॉक्टरांना पोचल्या-पोचल्या सांगा.

आयव्हरमेक्टिन गायीचं आणून स्वतः टोचू नका. मोठ्या जनावरांच्या बाटलीत एका मिलीलिटरमधे 10 मिलिग्रॅम औषध असतं. कुत्र्याच्या वजनाला ते थेंबाच्या हिशोबात लागतं, आणि सिरिंजवर एक-दोन रेघा चुकल्या की कुत्रं आंधळ्यासारखं भेलकांडायला लागतं. तिला पिल्लं आहेत हेही डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध ठरतं. पिल्लांना दोन-चार तास दूर ठेवावं लागलं तर उबदार गोणपाटावर एकत्र ठेवा.

तुम्ही एकट्या हे सगळं निस्तरताय असं पत्रावरून वाटलं. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : कुत्र्याचा कान अचानक पुरीसारखा फुगला. जखम कुठेच नाही. हाताला गरम, मऊ लागतो. मित्र म्हणतो दाभण तापवून भोक पाड, पाणी निघून जाईल. पाडू का?
— एक वाचक, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : नाही. आत पाणी नाही, रक्त आहे. जोरजोरात डोकं झटकून पाळीच्या आत शीर फुटते आणि कातडी व कूर्चेच्या मधे रक्त साचतं. भोक पाडलं की रक्त निघतं, कान सपाट होतो, आणि एक-दोन दिवसांत परत तेवढाच भरतो, कारण आतली पोकळी तशीच असते. शिवाय तुमच्या दाभणानं तिथे घाण गेली की रक्ताच्या जागी पू होतो.

डॉक्टर भूल देऊन आतल्या बाजूनं चीर घेतात, गोठलेलं रक्त काढतात आणि कातडी कूर्चेला चिकटून राहावी म्हणून पाळीतून आरपार बरेच टाके घालतात. लहान फुगवटा असेल तर सुईनं रक्त काढून, औषध देऊन आणि पट्टी बांधूनही भागतं. काहीच केलं नाही तर रक्त आपोआप जिरतं, पण पाळी आकसते, मुरडते आणि कानाचं तोंड अर्धं बंद होतं. अशा कानात पुढे सारखं दुखणं येतं.

पण तुम्ही तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही. कुत्रं डोकं झटकत का होतं? फुगवटा हा परिणाम आहे. कानात वास येतो का? काळपट, भुकटीसारखी घाण आहे का? तसं असेल तर कानातले माइट (अगदी बारीक किडे) किंवा बुरशी असण्याचा संभव जास्त. गोचिडी आत खोलवर बसल्या आहेत का? कुसळ गेलं आहे का? कान शिवून आणलात आणि आतलं कारण तसंच राहिलं, तर महिनाभरात दुसरा कान घेऊन याल.

प्रश्न : गवतातून आल्यापासून आमचा कुत्रा मान तिरकी करून सारखा एकच कान झटकतो. वरून काही दिसत नाही. कानात कोमट तेल टाकू का, की ड्रॉप?
— एक गुराखी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : कुसळ गेलं आहे, जवळजवळ नक्की. पावसाळा सरल्यावर माळावरचं कुसळी गवत वाळतं आणि त्याचं टोकदार कुसळ कपड्यांत कसं घुसतं ते तुम्हाला मी काय सांगू. त्याच्या अंगावरचे बारीक केस मागे वळलेले असतात, म्हणून ते पुढेच सरकतं. कुत्र्याच्या प्रत्येक झटक्यासरशी पडद्याकडे सरकतं. डॉक्टर कानात बघायच्या दुर्बिणीतून, लांब बारीक चिमट्यानं, बहुतेक वेळा गुंगीचं औषध देऊन ते काढतात. काही मिनिटांचं काम आहे, पण आजच करा.

तेल नको, ड्रॉप तर अजिबात नको. पडदा फाटलेला आहे की शाबूत, हे न बघता कानात टाकलेलं जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानात जाऊन ऐकणं आणि तोल दोन्ही घालवू शकतं. घरच्या मेडिकलच्या डब्यातली अर्धी बाटली हमखास असलंच काहीतरी असते. आणि बारीक काडीला कापूस गुंडाळून कोरू नका, कुसळ त्यानं आणखी आत जातं.

प्रश्न : कानाला काटा ओरखडून अगदी बारीक चीर गेली. तीन दिवस झाले, रक्त पाझरायचं थांबत नाही. कुत्रं खातही कमी. साधी जखम असून असं का?
— एक वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : ही कानाची तक्रार नाही. ताप मोजा आणि अंगावरच्या गोचिडी बघा, विशेषतः कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत. गोचिडीमुळे होणाऱ्या तापात, एर्लिकियात, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि रक्त गोठत नाही. नाकातून रक्त येणं, पोटावर लाल ठिपके पडणं ही पुढची लक्षणं. रक्ताची तपासणी करून डॉक्सिसायक्लीन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. लोक आठ दिवसांत कुत्रं बरं दिसलं की बंद करतात, आणि दोन महिन्यांनी तेच कुत्रं परत आजारी. गोठ्याच्या भिंतीच्या भेगांतही गोचिडी असतात. कुत्र्यावर औषध आणि भेगा तशाच, असं करू नका.

प्रश्न : आमच्याकडे जाणते लोक पिल्लं लहान असतानाच कान कापतात. म्हणजे डुकराला, दुसऱ्या कुत्र्याला धरायला कान सापडत नाही. माझ्याकडे पाच पिल्लं आली आहेत. कापावेत का?
— एक मेंढपाळ, ता. बाळापूर, जि. अकोला

उत्तर : पाव्हणं, तुमच्या जुन्या माणसांनी हे अनुभवातूनच सुरू केलं असणार, त्यांना मी नावं ठेवत नाही. भांडणात कान सगळ्यात आधी धरला जातो हे खरं आहे. पण कान कापल्यानं चावा टळत नाही, तो खाली गालावर, डोळ्याजवळ नाहीतर मानेवर बसतो. कानाची जखम मी शिवू शकतो, फुटलेला डोळा परत आणू शकत नाही. लोंबती पाळी पाऊस, धूळ आणि कुसळ यांना आडही येते. उघड्या कानात ते सरळ जातं. शिवाय कोयत्यानं किंवा ब्लेडनं, भूल न देता कापलेल्या पिल्लांना पावसाळ्यात किडे पडतात. 1960 च्या प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानं जनावराचा अवयव असा छाटणं गुन्हाही आहे.

त्यापेक्षा गळ्यात रुंद जाड पट्टा घाला. बिबट्याच्या भीतीनं तुमच्याकडे खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, तो उत्तमच. पिल्लं तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचा, सांगितलेल्या तारखेला बूस्टर द्या आणि मग दर वर्षी विसरू नका. पाच पिल्लांची लस ही तुमची खरी राखण आहे. लस न टोचलेल्या कुत्र्याला अनोळखी कुत्र्यानं किंवा कोल्ह्यानं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लसींचा पूर्ण कोर्स त्याच दिवशी सुरू करा. त्याच्या जखमेला उघडा हात लागला असेल तर तुम्हीही ग्रामीण रुग्णालयात जा.

प्रश्न : आम्ही मित्र दिवाळीत कुत्री घेऊन सशामागे जातो. दर वर्षी एखाद्या कुत्र्याचा कान बाभळीत फाटतो. कान वाचवायला बाजारात काही टोपी वगैरे मिळते का?
— नाव-गाव लिहिलेलं नाही

उत्तर : टोपी मिळते, पण मी ती सुचवणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत कुत्र्यांकरवी पाठलाग करणं आणि हाकणंही येतं, जनावर मेलं नाही तरी. ससा हाती लागो न लागो, गुन्हा तोच. डुकरांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज लगेच करता येतो, पंचनामा होतो. सशानं तुमचं काय खाल्लं? जंगलात सोडलेल्या कुत्र्यांमुळे रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) कोल्ह्यांपर्यंत पोचतो, आणि बिबट्या-वाघाच्या मुलखात कुत्री परत येत नाहीत. कान फाटलेलं कुत्रं मात्र दवाखान्यात आणा. डॉक्टर उपचाराला नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : टाके काढले की कुत्र्याला लगेच जागलीवर सोडलं तर चालतं का? तुरीचे दिवस आहेत, त्याच्याशिवाय भागत नाही.
— एक कास्तकार, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : टाके निघाल्यावर आणखी आठवडाभर बांधूनच ठेवा. नवी कातडी वरून जुळलेली दिसते, आत कूर्चा अजून कच्ची असते. त्याच्या जागी तोवर मचाणावर टॉर्च आणि डबा वाजवणारा माणूस बसवा. तारेत करंट सोडायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्या, त्या तारेला पहिलं कुत्रंच चिकटतं. आठवड्यानंतर सुरुवातीला कुत्र्याला दोरीनं मचाणाला बांधून जागलीवर न्या. भुंकला तरी डुकरं बिचकतात. कान दाबून पाहा, झटकला नाही आणि गरम लागला नाही, तर मोकळा सोडा.